कापडाचा आवाजही जपायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मांडणशिल्पांवर, म्हणजे अख्ख्या दालनात वस्तू मांडून केलेल्या कलाकृतींवर, आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेऊन लिहिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटाकडे त्यांनी असं लिहिलं आहे की कापड नेसायला-पांघरायला असतं, ते छताला टांगून शेजारी स्पीकर लावला म्हणून त्याची कला होत नाही, आणि मुळात कापडाचा आवाजाशी संबंध काय? हा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे. काटछाट करायची झाली तर माझ्याविषयीचा मजकूर काढा, पण अमेरिकेतल्या कलावंत ॲन हॅमिल्टन यांच्याविषयीचा ठेवा, एवढी विनंती.

मी इचलकरंजीचा. सारं आयुष्य यंत्रमागावर गेलं. शाळा सुटल्यावर कांड्या भरायला, म्हणजे आडवा धागा कांडीवर गुंडाळायला लागलो, मग माग चालवले आणि पुढे जॉबर झालो तो निवृत्त होईपर्यंत. जॉबर म्हणजे माग लावून देणारा आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हा खडखडाट गावात आहे. कापडाचा आवाजाशी संबंध काय, असं आमच्याकडे शाळकरी पोरगंही विचारणार नाही.

जॉबरचं निम्मं काम कानाने चालतं. कारखान्यात सगळे माग एकदम धडाडत असतात, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि तरीही कोपऱ्यातला एखादा माग बिघडायच्या बेतात आहे हे जॉबरला दारातच कळतं. साधा माग मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा फेकतो. धोटा म्हणजे आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे जाणारा लाकडी तुकडा. प्रत्येक वेळी तीन आवाज होतात. धोटा फेकला जातो तो फटका, तो पलीकडच्या पेटीत जाऊन बसतो तो ठोका, आणि फणी पुढे येऊन आडवा धागा कापडात बसवते ती थाप. हे तिन्ही एका चालीत पडत असले की माग ठीक. पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकणारा पट्टा सैल झाला की फटका बोदा येतो. धोटा पेटीत उशिरा पोचायला लागला की ठोका रेंगाळतो, आणि थोड्याच वेळात माग मोठा दणका देऊन बंद पडतो. धोटा अध्येमध्ये अडकलेला असताना फणी पुढे आली तर ताण्याचे, म्हणजे उभे, शेकडो धागे एका झटक्यात तुटतील, म्हणून मागाला तशी कळच केलेली असते. नवीन पोराला मी हत्यारं हातात द्यायच्या आधी डोळे मिटून मागाशेजारी उभं करायचो. तीन आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले की मग पान्याला हात.

कापड तयार झालं की गोष्ट बदलते. मागाच्या खात्यातून घडीच्या खोलीत गेलात, जिथे ताके, म्हणजे तयार कापडाचे गठ्ठे, छतापर्यंत रचलेले असतात, तर तिथे पाऊल टाकताक्षणी आवाज मेल्यासारखा होतो. मधली भिंत तीच, दार तेच, पण कापड आवाज खातं. पाळीच्या मधल्या सुट्टीत आम्ही भाकरी खायला तिथे बसायचो, कारण गावभरात तेवढ्याच जागी एकमेकांचं बोलणं नीट ऐकू यायचं. ज्या वस्तूच्या जन्माला एवढा गोंगाट लागतो तीच पुढे गोंगाट गिळते, हे मी रोज पाहिलेलं आहे.

याच आवाजाने माझे कान घेतले. यंत्रमागाच्या खात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि पाळ्या बारा-बारा तासांच्या. कानात घालायला साधे बोळेसुद्धा मला कुठल्या कारखान्यात मिळाले नाहीत. मालकांची नावं लिहीत नाही, त्यातले काही आज हयात नाहीत. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी. पुढे पुढे बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ एकसारखे वाटायला लागले. आता दोन्ही कानांत यंत्र आहे. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमधले विणकर मागांच्या आवाजात एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे, असं मी नंतर वाचलं. आमच्या खात्यातही तेच चालायचं. ओठ, भुवया, हाताची बोटं. घरी आल्यावरही आम्ही मोठ्याने आणि हातवारे करत बोलतो, ही सवय आता जायची नाही.

हे एवढं सांगितलं ते अशासाठी, की पुढे जे लिहितोय ते कलेच्या जाणकाराचं मत नाही, हे वाचकांना कळावं.

२०१२ च्या डिसेंबरात मी आणि सौ. मुलाकडे न्यू जर्सीला होतो. सुनेने कुठेसं वाचलं आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही हे बघायलाच पाहिजे.’ ती आम्हाला न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू आर्मरीत घेऊन गेली. एकोणिसाव्या शतकात पलटणीसाठी बांधलेली ही इमारत. आत कवायतीचं दालन आहे ५५,००० चौरस फुटांचं, मधे एकही खांब नाही, वर लोखंडी कमानी. त्या दालनात ५ डिसेंबर २०१२ ते ६ जानेवारी २०१३ या काळात ॲन हॅमिल्टन यांचं ‘द इव्हेंट ऑफ अ थ्रेड’ हे काम मांडलेलं होतं.

दालनाच्या मधोमध एक अवाढव्य पांढरा रेशमी पडदा आडवा टांगलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना झोके, एकूण ४२, रुंद लाकडी फळ्यांचे, कमानींना टांगलेले. लहान-मोठे, म्हातारे, कोटटाय घातलेले, सगळे झोके घेत होते. लोक पडद्याकडे बघत होते, मी आधी वर पाहिलं. आमची खोडच ती. कापड हलताना दिसलं की ते कशाने हलतंय ते शोधायचं. झोक्यांपासून निघालेले दोर वर कप्प्यांवरून फिरवून पडद्यापर्यंत नेलेले होते. कोणी झोका घेतला की त्या दोराला ताण यायचा आणि पडद्याचा तेवढा भाग उचलला जायचा. झोका परतला की दोर सैल, कापड खाली. बेचाळीस झोके आपापल्या चालीत, त्यामुळे पडदा एका जागी फुगतोय तर दुसऱ्या जागी बसतोय, एकसारखं कधीच नाही.

हातमागावर विणकर पायाखालची पावडी दाबतो तेव्हा वह्या, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेल्या चौकटी, उचलल्या जातात, ताण्याचे धागे वरखाली होतात आणि मधल्या फटीतून धोटा जातो. इथे पावडीच्या जागी माणसाचं सबंध वजन होतं आणि वहीच्या जागी सबंध कापड. ज्याने ही जोडणी केली त्याने मागावर बसून काम केलेलं असणार, हे मी सुनेला तिथेच सांगितलं. तिने फोनवर शोधलं. खरंच होतं. ओहायोतल्या लायमा या गावी १९५६ साली जन्मलेल्या या बाईंनी आधी कॅन्सस विद्यापीठात वस्त्रकलेची पदवी घेतली, १९७९ साली, आणि शिल्पकलेकडे त्या नंतर वळल्या. येल विद्यापीठातून शिल्पकलेचं शिक्षण १९८५ साली पुरं केलं. पुढे १९९९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी अमेरिकेचं प्रतिनिधित्व केलं. हे सगळं मोठंच. मला महत्त्वाची वाटली ती पहिली पदवी.

सौ. झोक्यावर बसली. मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिच्याकडचा भाग कधी उचलला जातो ते मला इकडून दिसत होतं, पण ती दिसत नव्हती. आणि माझ्या समोर जे कापड हलत होतं ते तिच्या एकटीच्या झोक्याने हलत नव्हतं, पलीकडच्या कुणाकुणाच्या वजनानेही हलत होतं. ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. आम्ही कापड विणतो ते कोण नेसतं हे आम्हाला कधी कळत नाही, आणि नेसणाऱ्याला ते कुणी विणलं हे कळत नाही. मधे फक्त कापड. हॅमिल्टन बाईंनी ते एका दालनात, सगळ्यांना अंगाने कळेल असं मांडलं होतं. कुणी भाषण दिलं नाही, भिंतीवर पाटी लावून समजावलं नाही.

आता आवाजाचं. आत शिरल्या शिरल्या एका लांब टेबलाशी लोकरी झगे घातलेली दोन माणसं बसलेली होती. समोर पिंजऱ्यांत कबुतरं. ती दोघं हातातल्या लांबलचक कागदी गुंडाळीवरचा मजकूर त्या कबुतरांना मोठ्याने वाचून दाखवत होती. त्यांचा आवाज रेडिओवरून छोट्या छोट्या संचांत येत होता, आणि ते संच खाकी कागदी पिशव्यांत घालून ठेवलेले. आपण एखादी पिशवी उचलायची आणि घेऊन हिंडायचं. कुणी ती मांडीवर घेऊन झोका घेत होतं, कुणी पडद्याखाली उताणं पडून कानाशी धरत होतं. मला इंग्रजी जुजबी येतं, त्यात हे असे कान. शब्द कळले नाहीत. सुनेने सांगितलं, जुन्या तत्त्वज्ञांचे, निसर्ग अभ्यासणाऱ्यांचे उतारे आहेत. पण पिशवी छातीशी धरली तर कागद थरथरत होता आणि ती थरथर हाताला लागत होती. बोलणारा माणूस शंभर पावलांवर, आवाज माझ्या हातात, आणि मधे ते कापड वरखाली.

सौ. झोक्यावरून उतरून आली आणि म्हणाली, ‘अहो, पडदा खाली येताना सळसळतो, ऐका ना.’ मला ऐकू आलं नाही. रेशमाची सळसळ बारीक असते, ती माझ्या कानांनी केव्हाच सोडली आहे. पण पडद्याखाली उभं राहिलं की वारा तोंडावर यायचा. ती ‘आता’ म्हणायची आणि त्याच वेळी मला वारा लागायचा. असं आम्ही बराच वेळ उभे होतो. कापडाचा आवाज बहिऱ्या माणसालाही कळावा अशी सोय त्या कामात होती. ती मुद्दाम केलेली असो वा नसो, होती.

दिवस संपताना एक गायक सज्जात येऊन पक्ष्यांसाठी गायचा, कबुतरं दालनात सोडली जायची, आणि ते गाणं तिथल्या तिथे तबकडीवर कोरलं जायचं. दुसऱ्या दिवशी ती तबकडी वाजवायची. आज येणाऱ्याला कालचं गाणं ऐकू यायचं आणि आजचं पुन्हा कोरलं जायचं. कामाचं नाव कुठून आलं तेही सुनेने शोधलं. ॲनी अल्बर्स नावाच्या थोर विणकर बाईंनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामध्ये हातविणकामावर लिहिलं आहे, त्यातून ते घेतलेलं.

या अल्बर्स बाईंबद्दल मला पुढे नातीमुळे कळलं. नात डिझाइन शिकते. आपल्या लेखकांच्या प्रश्नाला खरं उत्तर यांच्यापाशी आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-कारागिरीच्या शाळेत त्या विणकाम शिकल्या. तिथल्या पदविकेसाठी, १९३० साली, त्यांनी एक कापड केलं. बर्लिनजवळ बेर्नाऊ इथे कामगार संघटनांनी शाळा बांधली होती, तिच्या सभागृहाच्या भिंतींसाठी. सभागृहात आवाज घुमत होता. अल्बर्स बाईंनी असं कापड विणलं की पुढच्या बाजूला चकचकीत सेलोफेनचा धागा, म्हणजे उजेड परतेल, आणि मागच्या बाजूला शनीलचा लवदार धागा, म्हणजे आवाज शोषला जाईल. कामगारांच्या सभागृहात बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून एका विणकरणीने कापडाला कामाला लावलं. पुढे नाझी आले, त्या १९३३ मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. एका वस्त्रकलावंताचं तिथे असं प्रदर्शन तोवर झालं नव्हतं. आमच्या घडीच्या खोलीत आवाज का मरतो, हे त्या बाईंनी अभ्यासून, मोजूनमापून विणलं होतं. मी भाकरी खाताना ज्याचा नुसता अनुभव घेतला त्याचं तिने शास्त्र केलं.

हॅमिल्टन यांचं आणखी एक काम मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण नातीच्या संगणकावर त्याच्या फिती आणि छायाचित्रं पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. ते इचलकरंजी-सोलापूर-भिवंडीच्या, आणि मुंबईच्या गिरणगावातल्या वाचकांसाठी इथे सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थ ॲडम्स नावाचं गाव आहे. तिथे अर्नोल्ड प्रिंट वर्क्स हा कापड छापायचा मोठा कारखाना १८६० पासून होता. १९४२ साली तो गेला. त्याच इमारतींत विजेचे सुटे भाग करणारी स्प्रेग कंपनी आली, तीही १९८५ मध्ये बंद पडली. गावाची रोजीरोटी दोनदा बुडाली. इमारती पाडल्या नाहीत. १९९९ साली त्याच आवारात ‘मास मोका’ हे संग्रहालय उघडलं. तिथल्या एका प्रचंड लांब दालनात हॅमिल्टन यांनी डिसेंबर २००३ पासून ‘कॉर्पस’ हे काम मांडलं. शेकडो काचांच्या खिडक्यांना तलम रेशमी कापड लावलं, लालसर गुलाबी, म्हणजे उजेडाचाच रंग बदलला. छताला यंत्रं बसवली, ती पातळ कागदाचा एकेक ताव उचलून सोडत राहायची, जमिनीवर कागदांचा थर वाढत जायचा आणि लोक त्यातून पाय ओढत चालायचे. आणि वरून चोवीस कर्णे, भोंग्याच्या आकाराचे, हळूहळू खाली यायचे, पुन्हा वर जायचे. त्यांतून माणसांचे आवाज.

ते कर्णे खाली येताना पाहून मला गिरणीचे भोंगे आठवले. नॉर्थ ॲडम्सच्या भोंग्याचं काय झालं मला ठाऊक नाही, मुंबईच्या भोंग्यांचं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांच्या घरातली मुलं आज पन्नाशीत आहेत, आणि आपल्या वडिलांच्या गिरणीत माग कसे वाजायचे हे त्यांना कुठे जाऊन ऐकता येईल, मला कोणी सांगावं.

लेखकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. नुसतं कापड टांगलं आणि नुसता स्पीकर लावला तर काही होत नाही. नातीबरोबर मी पुण्या-मुंबईत दोन-चार प्रदर्शनं पाहिली, त्यांतल्या एकात साड्या टांगल्या होत्या आणि मागे संथ बासरी. साड्या बघाव्यात तर बासरी आड येते, बासरी ऐकावी तर साड्यांचा संबंध लागत नाही. असलं काम कुणालाही करता येईल. फरक पडतो तो ताणात. दोर ओढला की कापड हललं पाहिजे, आणि कापड हललं की ऐकणाऱ्याचं काहीतरी बदललं पाहिजे. हॅमिल्टन यांच्या कामात एक दोर सुटला तर सगळं ढिलं पडेल. ज्याने धागा हाताळलाय त्यालाच हे जमतं. म्हणून माझं म्हणणं, या प्रकाराला नावं ठेवण्यापेक्षा आपल्याकडच्या विणकरांच्या पोरांना तो शिकवावा. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात वस्त्रकलेचा विभाग आहे. तिथे इचलकरंजीची, मालेगावची, येवल्याची किती मुलं पोचतात आणि पोचली तर त्यांना आवाजाचं काही शिकवतात का, यावर आपल्या वर्तमानपत्राने एक पान जरूर द्यावं.

आणि आता ज्यासाठी मी खरं लिहायला बसलो ते. साधे माग संपत चाललेत. धोट्याऐवजी धातूच्या पट्टीने धागा नेणारे रेपियर माग आले, हवेच्या झोताने धागा फेकणारे माग आले. त्यांचं कापड चांगलं, वेग कितीतरी जास्त, कामगाराचे कष्टही थोडे कमी. त्याविरुद्ध मला एक अक्षर बोलायचं नाही. पण जुना माग भंगारवाल्याकडे वजनावर जातो तेव्हा त्याचं ओतीव लोखंड वितळून दुसरं काही होईल, त्याचा आवाज कुठे जाणार? ज्या गल्लीत मी जॉबर म्हणून फिरलो तिथे आता निम्मी खाती बंद आहेत किंवा त्यांची गोदामं झालीत. माग कसा दिसतो याचे फोटो भरपूर निघालेत. माग कसा वाजतो याची नोंद नीट बसून, चांगल्या यंत्राने, कुणी केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे करता येतं, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. हजारो ओव्या बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हा पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती बाजूला पडत होती. आज त्या ओव्या ‘पारी’च्या, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या, संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. जातं घरात राहिलं नाही, पण जात्यावर बसलेल्या बाईचा गळा राहिला, आणि तिच्या ओवीमागे जात्याची घरघरही. मागाचं हेच व्हायला हवं. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची योजना कित्येक वर्षांपासून ऐकतो आहोत. तिथे माग काचेत ठेवून त्याच्यापुढे दोरी बांधणार असाल, तर त्यातलं अर्धंच दाखवाल. तिथे आवाज हवा, आणि तो अशा कलावंताच्या हातून मांडलेला हवा ज्याला धागा आणि आवाज दोन्ही कळतात.

एक गोष्ट मात्र जो कुणी हे करेल त्याने पाळावी. आवाज गोड करू नये. मागाच्या तालावर तबला, मागे तानपुरा, असं काही करू नये. ती थाप सुंदर आहे, मी स्वतः आयुष्यभर तिच्यावर जगलोय आणि अजून स्वप्नात ऐकतो, पण तिने आमच्या पिढीचे कान घेतले हेही तितकंच खरं आहे. बघायला येणाऱ्याला दारात कानाचं संरक्षण द्या, आम्हाला मिळालं नाही ते त्याला मिळू दे, आणि मग आत पुरा आवाज लावा. दोन-चार मिनिटं का होईना, त्याला शेजारच्या माणसाशी ओठांनी बोलावं लागू दे. मग मधलं दार उघडून त्याला ताक्यांच्या खोलीत न्या. ताके खरे ठेवा, छतापर्यंत. तिथे कुणा वही-फणीत धागे ओवणाऱ्या काकांचं, कुणा कांड्या भरणाऱ्या मावशीचं बोलणं हळू आवाजात लावा. त्यांना बोलतं करा, पगाराचं, पाळीचं, रात्री लाइट गेल्यावर अख्खं गाव एकदम गप्प व्हायचं त्याचं. कापड काय करतं आणि काय सोसतं, ते बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

हॅमिल्टन यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात ‘इंडिगो ब्लू’ नावाचं काम केलं होतं. कामगारांचे निळे कपडे, सुमारे १४,००० पौंड वजनाचे, घड्या घालून एका जुन्या गॅरेजात ढिगाने रचले होते. त्या भागात गुलामांच्या कष्टावर निळीची शेती चालायची. नीळ म्हटल्यावर आपल्याला चंपारण आठवतंच. त्या ढिगाला रेटून आणलेली शोभा नव्हती, नुसत्या घड्या होत्या, एकावर एक. घडी घालणाऱ्याचा हात त्यात दिसतो. आपल्या कलावंतांनी तसं करावं, एवढंच.

कोणी कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, ध्वनिमुद्रण करणारे तरुण किंवा संग्रहालयाची मंडळी इकडे येऊन मागांचा आवाज टिपणार असतील तर मी लागेल ती मदत करीन. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात अजून धोट्याचे साधे माग चालू आहेत. मालकांशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही, फक्त चालू पाळीत कामगारांच्या मधे येऊ नये असं त्यांनी सांगितलंय. यायचं तर पाळी बदलायच्या आधी यावं. तेव्हा सगळे माग एकामागून एक बंद होतात आणि नवी पाळी आली की एकेक करून सुरू होतात, त्यामुळे एकट्या मागाचे तिन्ही आवाज सुटे मिळतील. एक ध्वनिग्राहक धोट्याच्या पेटीजवळ लावा, एक फणीच्या मागे आणि एक घडीच्या खोलीत. पट्टा सैल असलेला मागही मी मुद्दाम लावून देईन, म्हणजे बोदा फटका कसा येतो त्याची नोंद राहील. जेवणाची सोय आमच्या घरी होईल. पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे, तो कृपया छापू नये, विचारणाऱ्याला द्यावा. पण दिवाळीच्या आत या, कारण दिवाळीनंतर त्या मागांचाही सौदा ठरला आहे.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
इचलकरंजी